दिघोरीच्या मंडईला जाताना

बाबूलालमामा दिघोरीहून मोहाडीला आला आणि चहा संपायच्या आत त्यानं मुद्दा काढला. "टेकचंदसाठी पोरगी पाहून ठेवली मी. भोजराज, तू घरचा मोठा. तू हो म्हण, बाकी मी पाहतो."

टेकचंदची बायको काही मेलेली नव्हती! ती धडधाकट होती आणि दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. निर्मला तिचं नाव. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. टेकचंद खाली मान घालून बसला. "दादा म्हणन तसं," एवढंच तो बोलला. माणूस भला, पण पाठीला कणा म्हणून नाही.

भोजराजनं मात्र कप तसाच खाली ठेवला. मूल का नाही, हे त्या बैठकीत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

गोष्ट पाच वर्षांपूर्वीची, शहात्तर सालची. दिवाळी सरली की आपल्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुण्यांना बोलावणी येतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगतो. त्या वर्षी घरानं ठरवलं, चार दिवस सायकलींवर निघायचं आणि नातेवाइकांच्या गावची मंडई करत करत दिघोरी गाठायची. काय ती हौस! सगळ्यांत पुढे भोजराजचा साळा ताराचंद, त्याच्या कॅरियरवर भोजराजची बायको सत्यवती. मधे टेकचंद आणि त्याच्यामागे निर्मला. शेवटी भोजराज, कॅरियरवर अंथरुणं आणि चिवड्याचा पिपा बांधून. पहिला मुक्काम कारध्याला झाला. दंडारीतल्या सोंगांना हसून हसून सत्यवतीच्या पोटात दुखायला लागलं. निर्मलेला चौथा महिना होता. अशा बाईला सायकलवर बसवू नये, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

भोजराज तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यानं भावाच्या बायकोशी बोलायचं नाही आणि तिनं त्याला तोंड दाखवायचं नाही, ही त्या घरची रीत. जेवताना मीठ हवं असलं तरी तो आपला हवेत म्हणे, "कोणी मीठ देईल काय?" अंगणात शिरताना तो सायकलची घंटी वाजवी. ती ऐकली की निर्मला हातातलं काम टाकून पदर ओढी आणि तोंड फिरवी. वर्षभरात ते दोघांच्याही अंगवळणी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारधा मागे पडलं. एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीजवळ उतार लागला, टेकचंदनं पायडल मारणं सोडलं आणि सायकल सुसाट निघाली. तेवढ्यात भोजराजला दिसलं, निर्मलेच्या पदराचं टोक मागच्या चाकाच्या तारांजवळ लोंबत होतं.

"टेकचंद, थांब!" इतकंच तर म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण मग टेकचंद विचारणार, काय झालं दादा? आणि सांगावं लागणार, तुझ्या बायकोचा पदर. भासऱ्याची नजर तिच्या पदरावर गेलीच कशी? लोक काय म्हणतील? वा रे मर्यादा! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि हा बाप्पा लोकांना भ्यायला.

त्यानं घंटी वाजवली.

भासरा जवळ आला, एवढंच निर्मलेला कळलं. तिनं कॅरियर सोडलं, दोन्ही हातांनी पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. खालचं टोक चाकात गेलं, हिसका बसला आणि ती पोटावर आपटली.

मूल गेलं. पुढेही आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोकांनी आधी टेकचंदच्या चालवण्याला नावं ठेवली, मग उताराला आणि शेवटी निर्मलेला. घंटीचं कोणी काढलं नाही. तीही कधी बोलली नाही.

"जिले सायकलवर धड बसता नाही आलं," इकडे मामा म्हणत होता, "तिच्यापायी वंश बुडवाचा काय?"

दार उघडलं. निर्मला बाहेर आली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. सहा वर्षांत भोजराजनं तिचा चेहरा असा समोरून पहिल्यांदाच पाहिला. किती थकला होता तो चेहरा.

"भाऊजी," ती म्हणाली.

"अवो माय!" सत्यवतीनं कपाळाला हात लावला.

"भाऊजी, तुम्ही मागं होते. मी हात काहून सोडले, तुमाले मालूम आहे. मी तुमाले दोष देऊन नाही राहिली. फक्त ह्यायले सांगा, माझी चूक नव्हती म्हणून."

टेकचंदनं पहिल्यांदाच मान वर केली. "काय म्हणून राहिली हे, दादा?"

भोजराजच्या मनात सगळं तयार होतं. त्या दिवसापासून रोज तो ते मनातल्या मनात बोलत आला होता. तिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता, खोटं कशाला बोला. एक वाक्य बोलला असता तर मामा आल्या पावली परत गेला असता. पण ती समोर उभी होती, उघड्या तोंडानं, थेट त्याच्याकडे पाहत. मामा पाहत होता. कुंपणापलीकडून शेजारची विमलाबाई पाहत होती. भोजराजची नजर खाली गेली.

"टेकचंद," तो म्हणाला, "तिले आत जा म्हण."

टेकचंदला काही म्हणावं लागलं नाही. निर्मला आपणच आत गेली. भोजराज नाही म्हणेना, तेव्हा मांडीवर थाप मारून मामा म्हणाला, "चला, म्हणजे ठरलं!"