आत्याच्या घरच्या मुली

"समोरची बाई सांगेल तेच लिहायचं. तुला स्वतःला काय माहीत आहे, ते तुझ्यापाशी ठेव."

आमचे साहेब अल्हाजी याकुबू यांनी आम्हा पाहणीवाल्या बायकांना पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. तमालेच्या आसपासच्या गावांत मी तसंच लिहीत गेले. त्याला दोन वर्षं झाली. साहेब मागच्या रमजानआधी अल्लाच्या घरी गेले.

आम्ही भरलेल्या त्या फॉर्मांवरून एका प्राध्यापकांनी अभ्यास छापला. त्यात म्हटलं होतं: आमच्याकडे आत्या भावाची मुलगी वाढवायला नेते, ती मोलकरीण म्हणून राबवायलाच; अशा दहातल्या सात मुली शाळेचं तोंड पाहत नाहीत. यावरून खूप वाद झाला. आता एक संस्था अशा सगळ्या मुलींना आत्यांकडून काढून आईबापांकडे पोचवणार होती. त्याआधी मूळ फॉर्म तपासायला राजधानीतून, अक्राहून, देदेई लार्टे आली. गठ्ठे माझ्याच कपाटात होते. आणि माझ्या भावाची वुनपिनी चार वर्षांची असल्यापासून माझ्या घरात होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी देदेईनं पाण्याची बाटली पुढे केली. "हाजिया, घोटभर तरी घ्या."

"आज गुरुवार. रोजा आहे माझा. आणि हाजिया म्हणू नकोस, हज व्हायची आहे अजून."

"मग आगाऊ म्हणून ठेवते." ती हसली आणि पेन खाली ठेवलं. "तीनशे बारा मुली, त्यातल्या दोनशे एकोणतीस शाळेबाहेर. छापलंय तेवढंच. खरं सांगू, मी खोट काढायलाच आले होते. प्राध्यापक प्रामाणिक निघाला."

"त्या मुली खऱ्याच आहेत," मी म्हणाले. "एकीचा हात भाजलेला होता. मीच लिहिलंय ते. तिला तर परत न्यायलाच हवं."

ती पुढचा गठ्ठा चाळत होती. थोड्या वेळानं थांबली. "ही गंमत बघा. बाई सव्वीस वर्षांची आणि तिची 'स्वतःची' मुलगी पंधराची. अकराव्या वर्षी बाळंत झाली की काय? अक्षर तुमचं. तुमचे दोन आणि तीन सारखेच दिसतात. छत्तीस असेल, तसं टिपून सोडून देते."

मी गप्प राहिले असते तर विषय तिथंच मिटला असता. हातातल्या जपमाळेचे, तस्बीहचे, काही मणी बोटांखालून गेले.

"सव्वीसच," मी म्हणाले. "रहिना तिचं नाव. मुलगी तिच्या भावाची."

"मग स्वतःची का लिहिलीत?"

"ती म्हणाली म्हणून. जीव लावणारी आत्या मुलीला भावाची मुलगी म्हणतच नाही. पोरगी तिथंच तेलासाठी शियाच्या झाडाच्या बिया फोडत बसलेली असते. तिच्यादेखत असं म्हणणं म्हणजे तिला उंबऱ्याबाहेर बसवणं. भावाची मुलगी कोण म्हणते? जिला ती डोईजड झालेली असते, ती."

देदेईनं हातातला फॉर्म खाली ठेवला. "म्हणजे नकोशा झालेल्याच तेवढ्या 'भावाची मुलगी' या रकान्यात आल्या. आणि लाडाच्या, शाळेत जाणाऱ्या, सगळ्या 'स्वतःच्या' होऊन बसल्या."

"हो."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"माहीत होतं. बाईचा मान राखला, साहेबांचा शब्द राखला, आणि खोटं लिहून बसले."

उतरत्या दुपारच्या अस्रच्या अजानपर्यंत तिनं आईचं वय आणि मुलीचं वय शेजारी मांडत सगळे फॉर्म पुन्हा पाहिले. वयाचा हिशेब न बसणाऱ्या 'स्वतःच्या' मुली त्रेचाळीस निघाल्या.

"चाळिशीच्या आत्या अशा सापडणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी फक्त तुमची जबानी आहे. आणि तुमच्या घरात कोण वाढतंय हे अख्ख्या तमालेला ठाऊक. म्हणतील, बाई आपली पोर वाचवतेय."

"म्हणू देत. वाचवायचीच आहे."

"हे उत्तर तुम्ही कुणापुढे देऊ नका, हाजिया," ती कपाळाला हात लावत म्हणाली. "आत्यांना पुन्हा विचारलं तर?"

"पुन्हा तेच सांगतील. जन्म देणाऱ्या आयांना विचारायचं. नणंदेनं आपली कोणती मुलगी मागून नेली आणि ती कितवीत आहे, हे आई ताठ मानेनं सांगते. तिला त्यात लपवायचं काही नसतं. आम्ही त्यांच्या दारात हा प्रश्न घेऊन गेलोच नाही."

"माझा अहवाल सोमवारी जायचाय."

"रविवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी तीस घरं तुझ्या टेबलावर असतील. शब्द देते."

"तुमच्या भावाचं घर त्यात नको."

"नसेल. आणि सगळ्यात वरच्या कागदावर लिहीन की आधीचे फॉर्म मी जाणूनबुजून चुकीचे भरले."

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. पण शाळेबाहेरच्या त्या मुलींचं पान वेगळं ठेव. या घोळात त्यांना कुणी विसरायला नको."

तिनं तीस कोरे कागद मोजले, प्रत्येकावर सही केली आणि माझ्या हातात दिले.

सकाळी फज्रचा नमाज झाला. वुनपिनी गणवेशाला इस्त्री करत होती. "आई, आज शुक्रवार. या दिवशी तू ऑफिसला उशिरा जातेस ना?" तिनं विचारलं.

"आज गावांकडे काम आहे," मी म्हणाले. कागद पिशवीत घातले, डोक्यावरचं कापड नीट केलं आणि सावेलुगूच्या गाड्या सुटतात त्या नाक्याकडे चालू लागले.