भोंग्यावर जिवंत माणसाचं नाव

आमच्या गावात मारुतीच्या देवळावर भोंगा आहे. त्यावर आरती होते, भजन होतं. माणसाचं नाव मात्र तो मेल्यावरच घेतात. अमक्याची बायको वारली, माती दुपारी आहे, असं. जिवंत माणसाचं नाव घेतलं तर तो टिकत नाही, असं मानतात. पैनगंगेच्या पलीकडची गावंही आमचा भोंगा ऐकून आपल्या भोंग्यावर तीच बातमी सांगतात. मयताची खबर अशी नदी ओलांडते.

माझ्या बायकोचं, राहीबाईचं नाव दिवाळीच्या आधी घेतलं गेलं. भोंगा देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या बापूजींच्या ताब्यात. त्यांनी मोठ्यानं, स्वच्छ नाव घेतलं, तिचं माहेरही सांगितलं. पलीकडून तिचा भाऊ बाबाराव मी फोन करायच्या आधीच निघाला होता.

तिच्या तेरवीनंतरच्या बाजाराच्या दिवशी मी घरी होतो. भाजीच्या दुकानावर राहीबाई बसायची, तिथं मला बसवत नव्हतं. सून सुवर्णा बसली होती, सोबत सात वर्षांची नात उत्कर्षा. पोरगी नळावर पाणी प्यायला गेली आणि परत आली नाही. सुवर्णा सारा बाजार फिरली आणि पळत घरी आली.

"मामाजी, पोरगी कोठंच नाय."

मुलगा देवानंद सोयाबीन घेऊन आदिलाबादला गेला होता. सुवर्णाचा फोन जाताच त्यानं तिथून पोलिसांना कळवलं आणि मला फोन केला. "पोलीस निघाले, बाबा. तवरोक साऱ्या गावाले सांगा म्हनून राह्यले. जितक्या लोकाइले मालूम होईन तितकं बरं."

मी देवळात गेलो. बापूजी ओट्यावर बसले होते.

"भोंगा लावा, बापूजी."

"काऊन? कोन गेलं?"

"कोनी नाय गेलं. उत्कर्षा हरपली."

"मंग बसा, पानी घ्या. पोरगं हाय, खेळत असन कोठं."

"नाय ना खेळत. लावा भोंगा."

"उद्धवराव, तुमचं दुख ताजं हाय, डोकं ठिकानावर नाय तुमचं. जित्या लेकराचं नाव घेता का त्याच्यावर? अन् पोरीची जात. उद्या लगन करा लागन. हरपली होती म्हनून गावभर झालं तं कोन करन तिले?"

"सात वर्साची हाय ती."

"म्हनूनच सांगून राह्यलो. गुपचूप हुडका."

गुपचूप. माझी बायको मेली तेव्हा यांना गुपचूप आठवलं नाही. मेलेल्या बाईसाठी चार गावांचे भोंगे ओरडले. ते ऐकून ती उठणार होती का? आणि जिला अजून हात धरून आणता येतं, तिच्यासाठी यांचं तोंड बंद.

मी भोंग्याच्या खोलीत शिरलो. बापूजींनी दंड धरला, तो मी झटकला. बटन दाबलं आणि बोललो.

"माही नात उत्कर्षा हरपली. सात वर्साची हाय. पिवळा फराक. एकाच पायात पैंजण हाय, दुसरं काल तुटलं. पोरगी जित्ती हाय. कोनी पाह्यली असन तं देवळात या. जित्ती हाय."

नाव ऐकताच घराघरांतून रडणं सुरू झालं. बाया डोक्यावर पदर घेऊन मयताला निघाल्यासारख्या आल्या. एकीनं सुवर्णाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मी पुन्हा बटन दाबलं. "रडू नोका. जित्ती हाय म्हनून सांगून राह्यलो ना. पाह्यली का कोनी, ते सांगा."

मग बांगड्या विकणारी चंचल पुढं आली. "भाऊ, पिवळा फराक ना? म्या पाह्यली. एक बाई जिलेबी चारून राह्यली होती तिले."

"कोन बाई?"

"वळखीची नाय. मले वाटलं, तुमची पाहुनी असन."

"मंग इचारलं काऊन नाय?"

"लेकरू हरपलं म्हनून मले कोनी सांगतलं होतं का?" चंचल तितक्याच रागानं म्हणाली. तिचं बरोबर होतं.

मागून ऑटोवाला राजकुमार आला. त्याचा चेहरा उतरला होता. "मामा, म्याच सोडलं त्याइले पुलापलीकडं. पोरगी लय रडून राह्यली होती. बाई म्हने, आजी मेली तिची, म्हनून रडते."

पोरगी रडत आजी आजी करत असणार, त्या बाईनं तेच उचललं. आणि आजी मेली हे राजकुमारला भोंग्यावरून माहीत होतं. मयताची खबर साऱ्यांना होती, म्हणून खोटं खपलं. पोरीची खबर कोणालाच नव्हती.

मी बाबारावला फोन केला. तो म्हणाला, "ठेवा." त्यांच्याकडंही तीच रीत आहे, पण त्यानं कोणाला विचारलं नाही. पलीकडचा भोंगा बोलू लागला, मग त्याच्या पुढच्या गावाचा. सगळीकडं पिवळा फ्रॉक, एक पैंजण, जित्ती हाय.

पलीकडच्या फाट्यावर ती बाई यवतमाळकडच्या बसची वाट पाहत बसली होती. चहाच्या टपरीवरच्या बाईनं आधी पोरीचे पाय पाहिले, मग तिचं मनगट धरलं. "नाव काय तुहं, माय?" पोरीनं नाव सांगितलं. तोवर चार माणसं उभी राहिली होती. पोरीला नेणारी बाई आता पोलिसांकडं आहे. पोरीला कुठं नेत होती, ते पोलीस काढतील. तिचा राग येतोच. पण ती परकी होती. गुपचूप हुडका म्हणणारे माझ्या घरी तेरवी जेवून गेलेले होते.

संध्याकाळी बाबाराव उत्कर्षाला घेऊन देवळापाशी उतरला. सुवर्णानं तिला उचललं ते खाली ठेवेना. बापूजी नारळ घेऊन आले.

"झालं ते झालं. पन भोंग्यावर नाव घेतल्या गेलं, उद्धवराव. पोरीवरून उतरून टाका."

"ठेवा तो नारळ तुमच्याचपाशी."

मी उत्कर्षाला खोलीत नेलं, खुर्चीवर उभं केलं आणि बटन दाबलं. "सांग, बाई. साऱ्याइले सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय सांगू, आबा?"

"तुहं नाव सांग. अन् वापस आली म्हन."

"मी उत्कर्षा," ती भोंग्यात म्हणाली. "मी वापस आली." मग थोडं थांबून, "माहं पैंजण कोठं हाय?"

बाहेर कोणीतरी हसलं. बापूजी कानावर हात ठेवून पायऱ्या उतरले.

मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी बापूजी ती मागायला आले. मी दिली नाही. आता किल्ली आमच्या दारातल्या खिळ्यावर असते. ज्याचं लेकरू दिसत नसेल, त्यानं येऊन घ्यावी. मला विचारायचीही गरज नाही.