इसोतेची बादली

माझ्या नवऱ्याला, नेफ्तालीला, लॉस एंजेलिसच्या मातीशी सोयरीक नको होती. परसातलं इसोतेचं झाडसुद्धा त्यानं रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं होतं. आमच्या एल साल्वादोरात इसोते कुंपणाला लावतात. ते लावलं की इथपासून तिथवर आमचं.

"आपलं काय आहे इथं?" तो म्हणायचा. "जा म्हणाले, की बादली उचलायची आणि निघायचं."

तिकडच्या भूकंपानंतर अमेरिकेच्या सरकारनं आम्हाला इथं तात्पुरतं राहू दिलं, आणि दर दीड वर्षानं मुदत वाढवत नेली. त्या तात्पुरत्यात आमचं लग्न झालं, घर झालं, त्याचे केस पिकले आणि आमची इंग्रिद कॉलेजच्या वयाची झाली.

इंग्रिद इथं जन्मलेली, म्हणजे इथलीच नागरिक. लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तर म्हणे जाणार नाही.

"मी तिकडे असताना तुमची मुदत संपली तर? तुम्हाला पकडून नेलं, हे मला फोनवर कळणार?"

"म्हणून काय जन्मभर आमच्या उशाशी बसणार आहेस?" मक्याच्या पुपुसा थापता थापता मी खेकसले.

त्याच सुमारास नव्या कायद्याचा मसुदा आला. वर्षानुवर्षं मुदतीवर राहिलेल्यांना कायमचं राहू द्यावं, असा. आमच्या खासदाराच्या कचेरीतली बाई लोकांचं ऐकायला चर्चच्या हॉलमध्ये येणार होती.

"तू बोल," मी नेफ्तालीच्या मागेच लागले. "घरात माझ्यावर ओरडतोस तेवढ्या जोरात."

"मी इसोते नेतो. फुललंय. आपल्या देशाचं फूल, तेच दाखवीन."

रविवारी सकाळी तो वाकला. बादली हलेना.

"म्हातारा झालास!" म्हणत मी हात लावला. तरी हलेना. इंग्रिद आली, तिनं जमिनीला गाल टेकवून खाली पाहिलं.

"बाबा, बूड फुटलंय. मुळं जमिनीत गेलीत."

नेफ्ताली मटकन खाली बसला. मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना.

हॉलमध्ये तो रिकाम्या हातांनी उभा राहिला. "झाड आणणार होतो. मुळं जमिनीत गेलीत, उचललंच गेलं नाही. आमचंही तसंच झालंय, बाई. दर दीड वर्षानं विचारू नका. एकदाच काय ते विचारा आणि राहू द्या."

बाई म्हणाली, मतं अजून कमी पडताहेत, पण या खेपेला दोन्ही पक्षांची माणसं एकत्र बसलीत.

घरी येताच त्यानं सुरी घेऊन बादली कापून काढली आणि बुंध्याशी माती ओढली.

"कायद्याचं व्हायचं ते होवो," तो इंग्रिदला म्हणाला. "मी काही आता हे उचलत नाही. काढायला आले तर इथंच उभा राहून भांडेन. तू जा."

तिनं फुलं तेवढी तोडून आणली. आमच्याकडे ती खातात; मी अंड्यात परतली.

जेवताना तिनं हळूच विचारलं, "आई, तिकडे थंडी फार असते ना गं? जाड कोट घ्यावा लागेल?"

"दोन घेऊ," मी म्हणाले.