हवालदाराचा किल्ला

रघू हवालदार कारगिलहून हातीपायी धड परतला, हे त्याच्या बायकोचं, काशीचं नशीबच. पण फटाका वाजला की हा गडी कुठं पळेल याचा नेम नसायचा. लेकीच्या, सुकन्याच्या लग्नात फटाक्यांची माळ लागली आणि नवरीचा बाप मांडवातून जो पळाला, तो खळ्यावर पेंढ्याच्या आड सापडला. कन्यादान चुलत्यानं केलं. अख्ख्या दिघाशी गावानं ते पाहिलं, आणि काशीला ते अजून सलत होतं.

आता जावयाचा पहिला दिवाळसण आला.

"अवो, या खेपेला जावयाशेजारी जेवायला बसाल ना?"

"बघू," रघू बोलला. बघू म्हणजे न्हाय, हे तिला का कळत नव्हतं?

त्याच वर्षी मुंबईच्या एका म्युझियमनं धामणकर नाक्यावरच्या हॉलात माजी सैनिकांसाठी रविवारचा वर्ग काढला होता. मृणाली मॅडम जुन्या वस्तू दाखवायच्या आणि मग मातीतून मनाला येईल ते करायला सांगायच्या. काशीनं नवऱ्याला अक्षरशः ढकलून रिक्षात बसवला. "पोराटोरांचे खेळ!" तो कुरकुरला. पण एका रविवारी मॅडमनी किल्ल्यांचे फोटो मांडले आणि स्वारी पेटली. "समोर असा दरवाजा? दुश्मन सरळ आत येल की!" वर्षानुवर्षं घुम्या राहिलेल्या माणसाला चारचौघांत कंठ फुटला. मॅडम हसून म्हणाल्या, "मग दादा, तुमच्या मनासारखा किल्ला घरीच बांधा."

झालं! लोक दिवाळीला घरं रंगवतात, यांनी अंगणभर चिखल केला. काशी दिवसभर करवादायची, पण मनातून हरखली होती. नवरा चक्क गुणगुणत होता, भाकरीही जास्तीची मागत होता.

पाडव्याच्या संध्याकाळी जावई धनेश नवा कोरा शर्ट घालून सुकन्याला घेऊन आला. काशीनं आळीतल्या पोरांना बजावलं होतं, "फुलबाज्या उडवा, बॉम्ब लावाल तर खबरदार!" पण मागच्या आळीला कोण सांगणार? ती पानं वाढत होती आणि धडाम्! सुतळी बॉम्ब. भांडी हादरली.

काशीनं ओटीवर पाहिलं. रघूची खुर्ची रिकामी.

"गेले गं बाई! आज पण गेले!" तिला रडूच फुटलं. ती तशीच धावत बाहेर आली.

"कोन हाय रे तो? माझा बुरूज पाडला!"

रघू अंगणात गुडघ्यांवर बसला होता. ढासळता बुरूज त्यानं दोन्ही तळव्यांनी धरून ठेवला होता. "जावईबापू, बघता काय? पानी आना! चिखल लावा!"

धनेश नव्या शर्टासकट चिखलात बसला.

"अवो, पानं वाढलीत!"

"हात सोडला तर बुरूज जाईल. हितंच आन."

सुकन्या ताट घेऊन बापासमोर बसली आणि पुरणपोळीचा घास तिनं त्याच्या तोंडात घातला. बापाचे डोळे भरले, लेकीचे वाहिले. काशीनं पदर डोळ्यांना लावला आणि हसत सुटली.

"बसले बाई एकदाचे जावयाशेजारी! चिखलात का होईना!"