प्रत्येक फायलीच्या माथ्यावर

सत्यशीलानं कॉम्प्युटरवर पहिली फाईल उघडली. माथ्यावर संघदीपचं नाव. दुसरी उघडली. संघदीप. पुढच्या उघडता उघडता हातातला चहा निवून गेला.

"भाऊ, इकडं या बरं."

नयनभाऊंचं आर्णीच्या बसस्टँडमागं सॉफ्टवेअरचं दुकान. बी-बियाण्यांच्या दुकानांत बिलं करणारा त्यांचा प्रोग्राम पुण्याची एक कंपनी घेणार होती. अट एकच: प्रत्येक फायलीच्या माथ्यावर लेखक कोण, हक्क कुणाचा, परवाना कोणता, ते लिहा. हे करणारा छोटा प्रोग्राम फुकट मिळतो. कोणती ओळ कुणी लिहिली याची नोंद कॉम्प्युटरमध्ये असते. तो छोटा प्रोग्राम तिथून नाव उचलतो आणि चिकटवतो. सत्यशीलानं तोच चालवला होता.

नयनभाऊ वाकून पाहत राहिले. "संघदीप? तो तं दिवाळीले आला अन् संक्रांतीले गेला. आता पानठेला चालवते."

"मंग मी अकरा वर्षं काय करून राह्यली इथं?"

बिलांचा प्रोग्राम सगळा तिनंच लिहिला होता. फक्त कॉम्प्युटर पहिल्यांदा संघदीपनं लावून दिला, तेव्हा नावाच्या जागी स्वतःचं नाव टाकलं. चालू गाडी कायले खोला, म्हणून पुढं कुणी हात लावला नाही. सत्यशीला रोज सकाळी कुंकू-पावडर करून येत होती आणि संघदीप होऊन बसत होती.

"माह्यं नाव टाकतो मी हातानं," ती म्हणाली.

"नको, बाई. पुण्यावाल्यायनं जुनी नोंद पाह्यली. आता खोडाखोड केली तं म्हणतील, माल चोरीचा आहे. सौदा गेला तं दुकानाले कुलूप. संघदीपची सही घेऊन टाकू."

संघदीप चुन्याचा हात पँटला पुसत आला. पडदा पाहून मटकन खुर्चीत बसला.

"भाऊ, मले प्रिंटर जमत नव्हता. हे सारं ताईनं लिहलं."

"मले मालूम नाही काय? कॉम्प्युटरले मालूम नाही."

दुकानाच्या नावे हक्क सोडल्याचा कागद पुढं आला. संघदीपनं पेन उचललं नाही. "ताई, तुमी सांगा. मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलो."

पंखा फिरत होता. पडद्यावर संघदीपच होता.

"कर सही," सत्यशीला म्हणाली. "दुकान राह्यलं पाह्यजे."

त्यानं केली. नयनभाऊंनी कागद फिरवला.

"एक साक्षीदार लागते, बाई."

सत्यशीलानं पेन घेतलं. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, सुटं सुटं लिहिलं. रेघ संपली, तर कागद आडवा करून समासात गावाचं नावही लिहिलं.