वासरू-दिवस

ड्रमच्या तळाला तिचा हात टेकला. आत गारवा होता, बाकी काही नव्हतं. हातमोजा घातलेली बोटं तिने कडेकडेने एकदा फिरवून घेतली. एक वाळकं पान, थोडी धूळ.

"काय ताई, सापडलं का काही?" गोठ्याच्या दारातून काकूंनी विचारलं. "कुणाची अंगठी-बिंगठी असेल तर आधी मला दाखवा."

"शून्य," ती म्हणाली. "वर्षभर शून्य, काकू."

"म्हणजे मी पास?"

"पहिला नंबर."

काकू हसल्या आणि दुधाची कासंडी घेऊन आत गेल्या. त्यांच्या मागे वासरांचे श्वास ऐकू येत होते, ओले आणि संथ. ती तिथेच ड्रमला टेकून उभी राहिली. तिच्या चौदा महिन्यांच्या मुलीचा कान दुखत होता, अंगात ताप होता आणि चार रात्री घरात कुणाचा डोळा लागला नव्हता. त्यामुळे आज सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं: दावणी, शेणाच्या पाट्या, उन्हाचा तिरका पट्टा आणि त्यात तरंगणारा भुसा.

दोन वर्षं ती चाळीस गोठ्यांवर फिरत होती. जनावरांना दिलेल्या अँटिबायोटिकच्या बाटल्या लोकांनी ड्रममध्ये टाकायच्या, तिने दर तीन महिन्यांनी येऊन त्या मोजायच्या आणि मात्रेचा हिशेब लावून त्यांचे दिवस करायचे. एका वासराला एक दिवस औषध, म्हणजे एक वासरू-दिवस. हा शब्द कार्यालयात पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला तो सुट्टीसारखा वाटला होता. आज काय, तर वासरू-दिवस, शाळा बंद. गोठ्यांवर तिला सगळे ड्रमवाल्या ताई म्हणत.

जनावरांना औषध कमी टोचलं जावं यासाठी ही मोजणी होती, आणि यंदा दिवस निम्म्यावर आले होते. आलेख उतारावरून घसरगुंडी खेळल्यासारखा खाली आला होता. उद्याच्या बैठकीत तो भिंतीवर झळकला की काम पुढे चालू राहणार होतं आणि ती कायम होणार होती. नवरा बदलीच्या गावी, घरी सासूबाई आणि लेक. कायम या शब्दावर तिने मनातल्या मनात बरंच काही रचून ठेवलं होतं. खिडकीला जाळी, मुलीला वेगळी गादी, आणि एक अख्खी रात्र झोप.

"हात धुवा आणि गार पाणी घ्या," आतून काकू म्हणाल्या. "फ्रीज दुधाच्या खोलीत. तुम्हाला काय परकं आहे?"

फ्रीज जुना होता, दाराला हिसका द्यावा लागला. दाराच्या आतल्या कप्प्यांत तपकिरी काचेच्या छोट्या बाटल्या दाटीवाटीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोरा. लाल, पिवळा, हिरवा, चिंधीचा, सुतळीचा. आतला दिवा त्यांच्यातून पाझरत होता आणि क्षणभर तिला वाटलं, आपण झोपलोच आहोत, हे स्वप्नातलं आहे.

"काकू, हे काय?"

"वासरांची औषधं."

"मग ड्रममध्ये का नाही टाकलीत?"

हुशार मुलीने बे एके बे चुकवावं तसं काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हीच लिहिलंय ना त्याच्यावर? फक्त रिकाम्या बाटल्या टाकाव्यात. या कुठे रिकाम्या आहेत?"

तिने एक बाटली हलवली. आत औषध डुचमळलं.

'रिकाम्या' हा शब्द तिचाच होता. कार्यालयातल्या साहेबांनी नुसतं 'बाटल्या' सांगितलं होतं. कुणी चांगलं औषध चुकून फेकू नये म्हणून यंदाच्या सुरुवातीला तिने तो आपल्या मनाने वाढवला होता आणि मग चाळीस ड्रमांवर, ब्रशने, वळणदार अक्षरात काढला होता.

"पण उरतं कसं एवढं?"

"दुसऱ्या दिवशी पोर उठून उभं राहिलं की मी बंद करते. कशाला उगीच टोचायचं? आणि एकाची बाटली दुसऱ्याला लावायची नाही. उष्टं ते उष्टं."

"टाकूनही देत नाही?"

"औषध आहे ते ताई. टाकवतं का?"

ती खाली स्टुलावर बसली. मग पिशवीतून सिरिंज काढली. "काकू, मापून घेऊ या?"

दुपार तशीच गेली. काकू एकेक बाटली काढून देत, ती उरलेलं औषध सिरिंजमध्ये ओढून मापत असे आणि बाटलीतून कमी झालेल्यावरून दिवस लिहीत असे. काकूंकडे वही नव्हती, दोरे होते.

"लाल, बुटकीची. पाऊस लागून राहिला होता तेव्हा."

"दोन दिवस."

"बरोबर. सुतळी, तो आगाऊ, आईला लाथ मारणारा. हा हिरवा चांदणीचा. तिलाही दोनच."

"हा पांढरा?"

काकूंनी बाटली हातात घेतली आणि बराच वेळ उजेडात धरून ठेवली. "ही गेली. पाच दिवस दिलं हिला. पूर्वी दोन दिवसांत कान टवकारायची पोरं. हल्ली औषध पाणी पाजल्यासारखं जातं. का हो असं?"

तिला उत्तर येत होतं: अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, त्याला सरावतात. कॉलेजात पाठ केलं होतं, गोठ्यागोठ्यावर सांगून झालं होतं.  पण तिने नुसते पाच लिहिले.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मागून पातेल्यावर चमचा आपटल्याचा आवाज येत होता.

"ताप उतरला गं तिचा. भांड्यांचा अख्खा डबा उपसून बसलीय. औषध बघितलं की तोंड फिरवते. बंद करू का?"

"नको आई. डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस द्याच."

"बाई गं! मागच्या खेपेला तूच म्हणालीस, खेळायला लागली, आता बंद करा. मी आपली तुझ्या शब्दावर चालले."

तिने हातातली सिरिंज खाली ठेवली.

"आहेस का?"

"आहे. चुकलं माझं तेव्हा. आजचं द्या आई, नाक धरून द्या."

फोन ठेवल्यावरही चमच्याचा आवाज तिच्या कानात वाजत राहिला. काकू काही न विचारता पुढची बाटली घेऊन उभ्या होत्या.

तेवीस बाटल्या. एक्कावन्न वासरू-दिवस. शून्याच्या जागी.

"नापास का मी?" काकूंनी हळूच विचारलं.

"नाही हो. पेपरच चुकीचा काढला होता मी."

अंगणात येऊन तिने साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इतका सुंदर आलेख उतरलाय, आणि तुम्ही आज हे सांगताय?"

"तो उतरला नाही सर. फ्रीजमध्ये जाऊन बसलाय."

"एका गोठ्यावरून काय ठरवता? यंदाचं जाऊ दे. पुढच्या वर्षापासून उरलेलीही धरू. तुमचं पत्र उद्याच्या बैठकीवर अडलंय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

"एका गोठ्यावरून ठरवता येत नाही, हे पटलं सर. म्हणून पुढच्या गोठ्यावर चाललेय. उद्याचा आलेख दाखवू नका."

 पलीकडून फोन बंद झाला.

पुढचा गोठा चढावर होता. मालक अंगापिंडाने आडवा, आवाज घुमटातून आल्यासारखा. तिला बघून लांबूनच ओरडला, "या या ड्रमवाल्या ताई! इतक्यात परत? ड्रम चोरीला जाईल म्हणून आलात की काय?"

"ड्रम नाही बघायचा आज. अर्धवट उरलेली औषधं कुठे ठेवता, दादा?"

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त मधेच थांबल्यासारखं. "लिहून घेणार का?"

"हो. पण चूक माझी म्हणून. तुमची म्हणून नाही."

 तो चपला दाराशी काढून आत गेला. घरात कुठेतरी लाकडी फडताळ करकरलं. ती ऊन उतरत असलेल्या अंगणात उभी राहिली. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर एक मोठा पत्र्याचा डबा होता. आतल्या काचा वाजू नयेत म्हणून डबा छातीशी धरून, पावलं जपत, झोपलेलं मूल उचलून आणावं तसा तो येत होता.

तिने पुढे होऊन हात केले.