चार मिनिटांचा कचरा

मित्रांनो, मी एक जुनी डीव्हीडी आहे आणि माझ्या तोंडावर निळ्या पेनने 'महानंदा, लग्न, १९९३' असं लिहिलेलं आहे. अक्षर चांदपाशाचं. औशाच्या बसस्टँडजवळ त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. २००९ च्या जानेवारीत लातूरहून महानंदाताई आपल्या लग्नाची कॅसेट घेऊन तिथं आल्या. हे लग्न चांदपाशानंच शूट केलेलं. त्यानं कॅसेटवरची धूळ पुसली, ती मशीनला लावली आणि दोन तासांत अख्खं लग्न माझ्या पोटात उतरलं. मी काय फुगले म्हणून सांगू!

आता हे लग्न कशासाठी हवं होतं, ते ऐका. ताईंचा धाकटा भाऊ गुरुपादप्पा नांदेडला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होता. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तो दहा वर्षांचा. गणपती बघायला बहिणीकडे लातुरात आलेला, म्हणून वाचला. गावाकडचं घर पडलं आणि त्यात त्यांची आई गेली. तिला ती दोघं अव्वा म्हणत. अव्वाचा एक फोटोसुद्धा उरला नाही. गुरुपादप्पाला तिचा चेहरा अंधूक आठवायचा, आवाज तर मुळीच नाही. त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो बहिणीला म्हणाला, "अक्का, तुझ्या लग्नात अव्वा कुठंतरी असंलच की. तेवढी मला काढून दे."

ताईंच्या घरी कॉम्प्युटर होता. त्यांचे यजमान राजशेखर त्यावर क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करत. दुपारी तो मोकळा असे. ताईंनी मला आत सरकवलं, आणि त्या शहाण्या कॉम्प्युटरनं पाटी दाखवली की ही डिस्क रिकामी आहे, पुसून नव्यानं वापरायची का? रिकामी? माझ्या पोटात दोन तासांचं वऱ्हाड जेवत होतं! ताईंचं बोट 'हो'च्या अगदी जवळ गेलं होतं, पण देवाची कृपा, त्यांनी आधी औशाला फोन लावला. चांदपाशानं कपाळावर हात मारला. मशीनवर डिस्क भरली की ती शेवटी बंद करावी लागते, नाहीतर कॉम्प्युटरला ती वाचता येत नाही. तेच तो विसरला होता. मी पुन्हा एसटीनं औशाला गेले आणि बंद होऊन आले.

मग लग्न कॉम्प्युटरवर उतरवून घेऊन ताई त्यातले तुकडे कापायला शिकू लागल्या. कुठं दाबलं की तुकडा पडतो, कुठं दाबलं की केलेलं सगळं जातं, हे त्यांनी चुकत चुकत वहीत लिहून काढलं. एकदा त्यांनी नवरदेवाला मंगलाष्टकांच्या आधीच वाटेला लावलं. हसून हसून पुरेवाट झाली त्यांची.

मात्र सगळं काम मुक्यानं चाले. वरच्या खोल्यांत मेडिकलच्या परीक्षेला बसणाऱ्या चार मुली राहत होत्या. त्या दिवसभर पाठांतर करत, म्हणून ताईंनी स्पीकरची वायरच काढून ठेवली होती. हेडफोन घरात नव्हता.

ताईंनी माझा कण न् कण पाहिला. हळद, पंगत, वरात. अव्वा कुठंच नव्हती. ती विधवा होती ना! शुभकार्यात पुढं यायचं नाही म्हणून लेकीच्या लग्नात ती दिवसभर चुलीपाशीच राहिली. ताई पडद्यासमोर बसून रडल्या. आता भावाला काय सांगायचं?

अक्षतांच्या आधी, पहिल्या पंगतीनंतर एक तुकडा होता. नुसती तांदळाची पोती आणि दारातल्या चपला. चांदपाशानं आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, मधी चार मिन्टं कचरा हाय. मी जेवाया बसलो अन् कॅमेरा चालूच ऱ्हायला. तेवढं कापा, लई लाज वाटते." सोळा वर्षं ती चूक त्याच्या मनाला लागून राहिली होती. ताईंनी तो तुकडा कापला. अगं बाई, जरा ऐक तरी, असं मी आतल्या आत ओरडत होते. पण डिस्कचं कोण ऐकतं?

मे महिन्यात परीक्षा झाली, मुली गावी गेल्या. ताईंनी स्पीकर जोडून आपण कापून तयार केलेली नवी डीव्हीडी लावली, तर सनई एकीकडे आणि तोंडं भलतीकडे. मूळचं कसं होतं ते बघायला त्यांनी मला पुन्हा लावलं. पंगत उठली. पोती आली. आणि पोत्यांमागून, स्वयंपाकघरातून, एक बाईमाणूस बोललं:

"मी न्हाई येत मांडवात. हितूनच टाकते अक्षता. पोरगी सकाळधरनं उपाशी हाय, तिला कुणी दोन घास चारलं का, तेवढं बघा."

ताईंनी आवाज ओळखला, अव्वाचा. त्यांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मग चांदपाशाला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, "कापू नका, ताई."

जूनमध्ये नांदेडला गुरुपादप्पाचं लग्न लागलं. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी त्यानं भटजींना हात जोडून थांबवलं आणि मला लावायला सांगितलं. भर मांडवात, मोठ्या स्पीकरवर अव्वा म्हणाली, हितूनच टाकते अक्षता. पाहुण्यांनी अक्षतांच्या मुठी धरून ठेवल्या होत्या. पहिली मूठ तिची पडली, मग सगळ्यांची.

आता मी ताईंच्या कपाटात सुखात आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांना उन्हात टाकू नका, चकचकीत बाजूला बोटं लावू नका. आम्ही कायमच्या नसतो, आमच्यातलं वेळीच दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि घरचं काही कापायला बसलात, तर आधी आवाज चालू करा. माझ्यातली माणसं पुढं येऊन बोलतीलच असं नाही.